इथे एबी फॉर्म नसतो

आमच्या भागातल्या प्रतिनिधी बाईंनी यंदा पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं आणि वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळातली एक जागा मोकळी झाली. (हे व्हाइट हाउसचं वॉशिंग्टन नव्हे. पार पश्चिमेचं, सिॲटलचं.) विद्यमान आमदार रिंगणात नसले की आपल्या नाशिकमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चौकाचौकात इच्छुकांचे फ्लेक्स, मग मुंबईच्या वाऱ्या, मग ‘साहेबांनी शब्द दिलाय’. मतदार या सगळ्यात कुठेच नसतो. 29 ऑक्टोबर 2024 आठवत असेल. विधानसभेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता, आणि देवळाली व दिंडोरीसाठी शिंदेंच्या शिवसेनेचे एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद) हवाई मार्गाने नाशिकला आले. महायुतीतल्याच मित्रपक्षाचे उमेदवार तिथे आधीपासून उभे होते.

इथे तसा फॉर्मच नाही. मे महिन्यात एक आठवडा अर्ज भरायला मिळतो. त्या पदाच्या वार्षिक पगाराच्या एक टक्का फी भरायची, ऐपत नसेल तर फी जितके डॉलर असेल तितक्या मतदारांच्या सह्या आणायच्या. पक्षाची परवानगी लागत नाही. आपल्याला कोणता पक्ष पसंत आहे ते उमेदवार स्वतः लिहून देतो आणि मतपत्रिकेवर नावाखाली तेच छापलं जातं. ऑगस्टमध्ये पहिली फेरी होते, सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत. पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत जातात, मग ते दोघे एकाच पक्षाचे का असेनात. ही पद्धत 2004 मध्ये जनतेने थेट मतदान करून आणली. पक्ष अर्थातच कोर्टात गेले, पण 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणजे तिकीटवाटप मतदारच करतात, तेही घरबसल्या, कारण इथलं मतदान टपालाने होतं.

पंचवटीत आयुष्यभर एकाच पक्षाचं काम केलेल्या माझ्या मामांना हे फोनवर सांगितलं तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, ‘‘अगं, मग निष्ठावंतांनी करायचं काय? वर्षानुवर्षं सतरंज्या उचलायच्या आणि कुणीही उपरा येऊन पक्षाचं नाव लावणार?’’ प्रश्न रास्त आहे. पक्ष इथेही आपला पाठिंबा कुणाला ते जाहीर करतो, कार्यकर्ते त्याच्यासाठी फिरतात. पण बाकीच्यांना तो रोखू शकत नाही. मी मामांना म्हटलं, ‘‘तुमच्यासारख्या माणसाला इथे कुणाच्या दारात तिष्ठत बसावं लागलं नसतं. फी भरून सरळ उभे राहिला असता.’’ त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि मला वाईट वाटलं. त्यांची नगरसेवकपदाची जुनी इच्छा घरात सगळ्यांना माहीत आहे.

जून महिन्यात इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. अशाच एका संध्याकाळी बेल वाजली. दारात उमेदवार बाई एकट्या उभ्या. गाड्यांचा ताफा नाही, गळ्यात उपरणं नाही. पायात चालायचे बूट, कमरेला बांधलेलं जॅकेट, हातात फोन आणि फोनवर आमच्या गल्लीतल्या मतदारांची यादी. आधी पत्रक न देता त्यांनी विचारलं, ‘‘तुम्हाला सध्या कशाची काळजी वाटते?’’ मी घरपट्टीचं काढलं. इथल्या कायद्याने शहर किंवा काउंटीला (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाला) जुन्या मालमत्तांवरची घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला एक टक्क्यापेक्षा जास्त वाढवता येत नाही, वाढवायची तर मतदारांना विचारावं लागतं. बाई म्हणाल्या, ‘‘मी निवडून आले तर ही मर्यादा वाढवायच्या बाजूने मत देईन. महागाई त्याहून जास्त वाढते, आणि सेवांना पैसे पुरत नाहीत. तुम्हाला हे आवडणार नाही, पण आत्ताच सांगितलेलं बरं.’’

मत मागायला दारात आलेलं माणूस तोंडावर ‘तुमचा कर वाढवीन’ म्हणतं, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पटलं नाही, पण बाईंबद्दल आदर वाढला.

असं दारोदार फिरणं इथे जमतं याला कारण आहे. 2020 च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या 77 लाख आणि मतदारसंघ 49, म्हणजे एका मतदारसंघात लहानथोर धरून दीड लाखाच्या थोडी वर माणसं. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेला 288 जागांसाठी 9 कोटी 70 लाख मतदार होते, म्हणजे जागेमागे नुसते मतदारच सव्वातीन लाखांवर. नाशिक पश्चिममध्ये सिडको-सातपूरची घरं पालथी घालायची तर उमेदवाराचे पाय मोडतील.

पैशांचंही पाहा. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराच्या खर्चाला 40 लाखांची मर्यादा आहे. इथे खर्चाला मर्यादा नाही, पण देणगीला आहे. 2024 मध्ये विधिमंडळाच्या उमेदवाराला एका व्यक्तीकडून एका फेरीसाठी 1,200 डॉलर, बस. ठरावीक रकमेच्या वर देणाऱ्याचं नाव सरकारी वेबसाइटवर कुणालाही दिसतं. बिल्डर कुणाच्या पाठीशी आहे ते मी चहा पिता पिता पाहिलं. हे नाशिकला मिळालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

या पद्धतीला खोटही मोठी आहे, आणि ती आपल्या लोकांना चटकन कळेल. मतविभागणी. 2024 मध्ये राज्याच्या सार्वजनिक जमिनींच्या आयुक्तपदासाठी पाच डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन उभे राहिले. डेमोक्रॅटांची मतं पाच जागी फुटली आणि दोन्ही रिपब्लिकनच अंतिम फेरीत जातात की काय अशी वेळ आली. फेरमोजणीनंतर एक डेमोक्रॅट 49 मतांनी दुसरा आला, आणि नोव्हेंबरात तोच जिंकला. एकोणपन्नास! सगळ्या राज्याच्या मतदानात! दुसरं म्हणजे ऑगस्टच्या फेरीकडे लोक पाठ फिरवतात. त्या वर्षी मतदान साधारण चाळीस टक्के झालं, तेही मतपत्रिका घरपोच आणि परतीचं टपाल फुकट असताना. महाराष्ट्राने त्याच वर्षी विधानसभेला रांगा लावून 66 टक्के मतदान केलं. त्या बाबतीत इथल्यांनी आपल्याकडून शिकावं.

आमच्या मोकळ्या जागेसाठी पहिली फेरी पार पडली. घरपट्टीवाल्या बाई पहिल्या आल्या, दुसरा एक नगर परिषदेचा सदस्य आहे, आणि दोघांचीही पसंती डेमोक्रॅटिक पक्षच. माझं ऑगस्टचं मत तिसऱ्यालाच होतं, तो मागे पडला. आता या दोघांतून निवडायचंय. त्या सदस्याने घरपट्टीबद्दल अजून ठाम काही सांगितलेलं नाही, म्हणून मी त्याला ईमेल केलाय. मामा रोज विचारतात, ‘‘आलं का उत्तर?’’