‘ब्रेनस्टेम ग्लायोमा’ एवढंच लिहिलं होतं

माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या एमआरआय रिपोर्टमध्ये शेवटी एकच ओळ होती: ब्रेनस्टेम ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या देठातली गाठ. नागपुरात धंतोलीतल्या गल्लीत गाडीवर बसूनच मी ते मोबाइलवर शोधलं. जगण्याचा आकडा समोर आला: ‘नऊ ते अकरा महिने’. पोरगा पुढे बसून हॉर्न वाजवत होता. घरी बायकोला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

त्याआधी आठ महिने त्याला सकाळी सकाळी उलटी व्हायची. जंताचं औषध झालं, पित्ताचं झालं. ज्या डॉक्टरांकडे जात होतो त्यांनी एकदाही त्याला समोर चालवून बघितलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आई म्हणायची, ‘काऊन रे बाप्पा, पोरगं वाळतच चाललं ना!’ चालताना तो एका बाजूला झुकतो हे शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा कुठे स्कॅन झाला. त्यातही तो हलला, चित्रं अस्पष्ट आली आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध, न देताच काम आटोपलं.

न्यूरोसर्जननी रिपोर्ट बाजूला ठेवला. पहिला प्रश्न विचारला, ‘भाऊ, पहिली उलटी कधी झाली, आठवून सांगा.’ आठ महिने म्हटल्यावर त्यांनी ते लिहून घेतलं आणि भूल देऊन नवा एमआरआय करायला सांगितलं.

मध्यरात्रीनंतर काही खायला द्यायचं नव्हतं. अंगावर धातू चालत नाही. कमरेच्या करदोड्यात आजीनं ओवलेला चांदीचा मणी होता आणि गाठ इतकी घट्ट, की सिस्टरनं कात्री आणली. तो कापलेला दोरा मुठीत धरून मी बाहेर बसलो. आतून मशीनची ठकठक भिंतीपार येत होती. आई त्या वेळी टेकडी गणपतीला गेली होती.

नव्या रिपोर्टमध्ये ‘कॉन्ट्रास्टनंतर गाठ ठळक उजळते’ असं होतं. मला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढायला लावली आणि स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. मेंदूचा देठ म्हणजे वर मिडब्रेन, मधला फुगीर भाग पॉन्स, खाली मेड्युला. ज्या आजाराचा आकडा मी वाचला होता तो डीआयपीजी, म्हणजे पॉन्समध्ये पसरणारा ग्लायोमा. तो पॉन्सच्या आत झिरपतो, अर्ध्याहून जास्त पॉन्स व्यापतो, पुढच्या बेसिलर धमनीला कवेत घेतो. त्याला काठ नसतो. माझ्या मुलाची गाठ मेड्युलाच्या मागून उगवून मेंदूतल्या पाण्याच्या चौथ्या पोकळीत वाढली होती, आणि तिला स्वच्छ काठ होता. डिफ्यूजनच्या चित्रात पाण्याचे कण मोकळे हलताना दिसत होते. पेशींची दाटी असली की ते अडतात, म्हणजे इथे दाटी नव्हती. आणि उजळण्याचं म्हणाल तर लहान मुलांतली पायलोसायटिक नावाची संथ गाठही झगझगीत उजळते. डीआयपीजीत मात्र मधोमध मेलेला भाग आणि भोवती उजळ कडं दिसलं, तर ते वाईट लक्षण. उजळणं तेच, पण कुठे आणि कसं यावर सगळं ठरतं. आठ महिन्यांचा इतिहासही त्याच बाजूला झुकत होता, कारण डीआयपीजीत त्रास बहुतेक वेळा काही आठवड्यांतच वाढतो.

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी गोंदियाकडचे एक भाऊ बसायचे. त्यांच्या मुलीचा डोळा तीन आठवड्यांपूर्वी तिरळा झाला होता. त्यांनी मला रिपोर्ट वाचून द्यायला सांगितला. पॉन्स भरलेला, धमनी वेढलेली. मी सगळं वाचलं, पण अर्थ सांगू शकलो नाही. तो डॉक्टरांनी सांगितला. 30 बैठका, एकूण 54 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप) रेडिएशन, सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा नीट हसायला लागली आणि त्यांनी सगळ्यांना संत्री वाटली. दोन वर्षं पार करणारी मुलं शंभरात दहाच्या आसपास, हे मला तेव्हा माहीत होतं. मी संत्रं घेतलं आणि त्यांच्यासमोरच खाल्लं. आता त्यांचा फोन येत नाही, आणि मलाही करवत नाही.

आमचं ऑपरेशन झालं. देठाला चिकटलेला तुकडा मुद्दाम सोडला. दोन आठवडे नाकातल्या नळीनं दूध. पॅथॉलॉजीत पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड 1, म्हणजे तीच संथ गाठ.

दर तीन महिन्यांनी एमआरआय होतो. उरलेला तुकडा 12 मिलिमीटर आहे. तीन स्कॅन झाले, तेवढाच. माप एका रिपोर्टवरून दुसऱ्या रिपोर्टवर ताडू नका. जुन्या चित्रांची सीडी दरवेळी सोबत न्या आणि तोच छेद शेजारी शेजारी लावून बघायला सांगा. सेंटरवाले नुसत्या फिल्म देतात. अडून बसा, पूर्ण सीडी मागा. पहिलं लक्षण कोणत्या तारखेला दिसलं तेही वहीत लिहून ठेवा. आम्हाला आजीच्या आठवणीवरून ते काढावं लागलं: नातवाची पहिली उलटी मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, झाली होती.

पुढचा स्कॅन दिवाळीनंतर. आजीनं नवा करदोडा बांधलाय, तोच मणी ओवून. या वेळी गाठ सैल ठेवली आहे, हातानं सुटेल अशी.