चार एक्कर वावर

सातबाऱ्यावर आमची जमीन १.६२ हेक्टर आहे. बाबांच्या तोंडी ती चार एक्कर. एकर नव्हे, एक्कर, मधल्या क्क वर भरपूर जोर देऊन. परवा शहरातून लेआउटवाला दलाल घरी आला, तर त्याच्या हिशोबात तेच वावर पावणेदोन लाख स्क्वेअर फुटांच्या आसपास निघालं. बाबा त्याला म्हणाले, "एवढी जमीन माह्याजवळ हाये, हे मले आजच समजलं."

भावाला कागदपत्रांचा कंटाळा, म्हणून नागपूरजवळच्या कळमेश्वरकडच्या या शेतीची फाइल लग्नानंतरही माझ्याकडेच राहिली. तलाठ्याकडे (बाबांच्या भाषेत अजून पटवारीच), बँकेत, कृषी केंद्रात मीच जाते. तिथे हळूहळू लक्षात आलं, की कोण कुठलं माप वापरतो त्यावरून त्याला आपल्याकडून काय हवंय ते कळतं.

एकर हे माप मुळात बैलांच्या हिशोबाचं. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ नुसता 'शेत' असा होता. जर्मनमधला आकर, लॅटिनमधला आगेर आणि ऋग्वेदातला 'अज्र' हे सगळे त्याचे भाऊबंद. पुढे एका जोडीनं दिवसभरात नांगरून होईल तेवढ्या जमिनीला एकर म्हणू लागले. नांगराला जुंपलेले बैल वळवणं जिकिरीचं, म्हणून वळणं कमी पडावीत अशा लांबट पट्ट्या पाडायच्या. नांगराच्या एका तासाची, म्हणजे सरळ चरीची, लांबी ६६० फूट, म्हणजे एक फर्लांग. रुंदी ६६ फूट, म्हणजे मोजणीची एक साखळी, आपल्याकडची जरीब. गुणाकार केला की ४३,५६० चौरस फूट. ही २२ यार्डांची साखळी एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञानं १६२० मध्ये ठरवून दिली. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची खेळपट्टी असते ना, तिची लांबी म्हणजे बरोब्बर एक साखळी. तशा दहा खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा, फर्लांग झाला.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांना गंटरचं काही कौतुक वाटलं नाही. "दिवसभरात एक्कर नांगरून होते का, ते जमिनीवर हाये. काळ्या कन्हारीत दोन दिवस लागते," म्हणाले आणि डवऱ्याचं फास पाहायला निघून गेले. पण त्यांचा मुद्दा खरा आहे. एकर मोजणीत पक्का झाला, तरी शेतकऱ्याच्या डोक्यात तो अजून कामाचाच आहे. निंदणाला एकरी किती बाया, फवारणीला एकरी किती पंप, ठेक्यानं द्यायची तर एकरी किती. सोयाबीनचं बियाणं एकरी तीस किलो. विद्यापीठाच्या पुस्तिकेत तेच हेक्टरी ७५ किलो असं छापतात. कृषी केंद्राच्या काउंटरवर मात्र हेक्टरी किती टाकू असं विचारणारा माणूस मला आजवर दिसला नाही.

दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. त्याआधी पाच वर्षं, १९५१ मध्ये, आपल्या पवनारचे विनोबा तेलंगणात पोचमपल्लीला पोचले, तेव्हा तिथल्या भूमिहीनांनी मागितली ती ८० एकर आणि गावातल्या एकानं दिली १०० एकर. पुढे भूदानाची सगळी मोजदाद एकरातच झाली. कायदा आला, सातबारा हेक्टर-आरवर (आर म्हणजे हेक्टराचा शंभरावा भाग) गेला, बोलणं मात्र तिथेच राहिलं. खुद्द इंग्लंडातही जमीन नोंदणीतून एकर हटायला २०१० उजाडलं.

हेक्टर मला खटकतो तो नुकसानभरपाईच्या वेळी. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत कोरडवाहू पिकाला, नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर, हेक्टरी ८,५०० रुपये. बातमीत आकडा भरदार वाटतो. तोच एकरात मांडला तर ३,४४० च्या घरात येतो. रक्कम तीच, आणि कुणी फसवतंय असंही नाही. पण खर्च सगळा एकरी बोलायचा आणि मदत तेवढी हेक्टरी ऐकायची, यात मोठेपणा कुणाच्या पदरात पडतो ते उघड आहे. म्हणून मी कुठलाही सरकारी आकडा ऐकला की आधी अडीचनं भागते. नेमका भागाकार २.४७ नं करायचा, पण बसस्टँडवर उभ्या उभ्या अडीच पुरतो.

दलालाचं गणित उलट्या दिशेनं चालतं. शेतकऱ्याशी बोलताना "एकरी रेट" आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलताना स्क्वेअर फूट. समजा एकरी ५० लाख ठरले, तर फुटाला ११५ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आता नागपूरच्या मनीषनगर किंवा बेसा-बेलतरोडीत राहणाऱ्यांनी आपापल्या प्लॉटचा भाव आठवावा. रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते, एन.ए.चा (जमीन बिगरशेती करण्याचा) खर्च असतो, हे सगळं मान्य. तरीही.

गुंठ्याबद्दलही एक सांगते, कारण पुण्याकडच्या नातेवाइकांमुळे घरात नेहमी घोळ होतो. एकराचे गुंठे ४०, आणि आर ४०.४७. म्हणजे गुंठा आरपेक्षा एक टक्क्याहून थोडा मोठा. लहान तुकड्यात फरक कळत नाही, मोठ्या वाटणीत धुऱ्यावरून (बांधावरून) भांडण लागण्याइतका पडतो. पूर्व विदर्भात डिसमिल चालतं, तिथे १०० डिसमिलांचा एकर. खरेदीखतावर यातलं काहीही लिहिलं असेल, तर आधी सगळं आरमध्ये करून घ्या आणि मगच सही करा.

संत्र्याच्या बागेत मात्र यातलं एकही माप चालत नाही. आमच्या चारातल्या एका एकरात संत्रा आहे. सहा बाय सहा मीटरवर लावली तर एकरी ११० च्या आसपास झाडं बसतात. पण बहार विकत घ्यायला येणारा व्यापारी क्षेत्र विचारत नाही. तो ओळीओळीनं फिरतो, मर झालेली, डिंक्या लागलेली झाडं वगळतो आणि सांगतो, "काका, झाडं चौऱ्यांशी." बाबा म्हणतात, ब्याण्णव. मग दोघं पुन्हा पहिल्या ओळीपासून मोजायला लागतात.