मॅजिक किंगडममध्ये मिकी आणि राजकन्यांना भेटताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत अटलांटाहून गाडीने ऑरलँडोला जाऊन आलो. सोबत पाच वर्षांची लेक, तिच्याहून लहान भाचा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई असल्यामुळे वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या उद्यानाचा बेत मोठ्या राइडऐवजी पात्रांच्या भेटींभोवती, म्हणजे डिस्नेच्या गोष्टींतल्या पात्रांच्या वेशातल्या कलाकारांना भेटून फोटो आणि सही घेण्याभोवती, आखला होता. अशा भेटी किती घ्यायच्या, हे घरीच मुलांना विचारून ठरवावे; समोर दिसेल त्या रांगेत उभे राहिल्यास दिवस ताटकळण्यातच जातो.

मिकीची भेट प्रवेशद्वारातून आत शिरल्यावर उजव्या हाताला असलेल्या टाउन स्क्वेअर थिएटरमध्ये होते. सकाळी बहुतेक मंडळी सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या लोकप्रिय राइडच्या दिशेने धावत सुटतात, त्यामुळे आम्हाला तिथे फारसे थांबावे लागले नाही. उद्यानाच्या मधोमध असलेल्या किल्ल्यामागच्या प्रिन्सेस फेअरीटेल हॉलमध्ये मात्र सिंड्रेलाची रांग वेगळी आणि दुसऱ्या राजकन्यांची वेगळी असते. रांगेत शिरण्यापूर्वी आपल्याला हवी ती राजकन्या नेमकी कुठे आहे, याची दारातल्या कर्मचाऱ्याकडून खात्री करून घ्यावी. या भेटी उद्यान उघडल्याबरोबर सुरू होतातच असे नाही. त्या दिवसाच्या वेळा डिस्नेच्या ॲपमध्ये दिसतात आणि त्या सकाळीच पाहून ठेवाव्यात.

ॲपमधला प्रतीक्षेचा आकडा हा अंदाजच असतो. रांग जोखताना माणसे मोजू नयेत, कुटुंबे मोजावीत, कारण सहाजणांचे कुटुंब असो की आई आणि मूल, फोटो, सही आणि दोन शब्द यांना साधारण सारखाच वेळ लागतो. एका कुटुंबाला दीड-दोन मिनिटे धरली, तर पुढे वीस कुटुंबे असताना अर्धा-पाऊण तास जाणार हे उघड आहे. उघड्यावर भेटणारी पात्रे थोड्या थोड्या वेळाने विश्रांतीसाठी आत जातात आणि त्याआधी सोबतचा कर्मचारी रांगेच्या शेवटी उभा राहून नव्या लोकांना थांबवतो. त्यामुळे उभे राहण्यापूर्वी त्याला "आमचा नंबर लागेल का?" असे सरळ विचारावे. दुपारी विजा कडाडू लागल्या की बाहेरच्या भेटी बंद होतात आणि सारी गर्दी छपराखालच्या रांगांकडे वळते, म्हणून राजकन्यांची भेट शक्यतो सकाळीच उरकावी.

ज्यांना रांग अजिबातच नको असेल, त्यांनी उद्यानातल्या क्रिस्टल पॅलेस या उपाहारगृहात जेवण घ्यावे. तिथे विनी द पू हे अस्वल आणि त्याचे सोबती टेबलापाशी येतात, सासूबाईंनाही निवांत बसता येते. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. जेवण महाग आहे, पण वृद्ध माणसे बरोबर असतील तर मला तो खर्च योग्य वाटतो.

रांगेत शिरण्यापूर्वी मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणावे. बाबागाडी बाहेर ठेवावी लागते, त्यामुळे पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ खांद्यावरच्या पिशवीत असू द्यावा. मुखवटा घातलेली पात्रे बोलत नाहीत, केवळ खाणाखुणा करतात, हे लहान मुलांना आधी सांगितलेले बरे. भाच्याने टिगरला, म्हणजे पूच्या वाघोबा मित्राला, पाहून भोकाड पसरले, तेव्हा टिगरने दोन पावले मागे सरून लांबूनच हात हलवला आणि आम्हीही आग्रह धरला नाही. सहीच्या वहीबरोबर जाड मार्कर न्यावा, कारण जाडजूड हातमोज्यांत साधे पेन धरता येत नाही. आणि वही कोऱ्या पानावर उघडूनच पुढे करावी. उद्यानाचा छायाचित्रकार असला तरी आपला फोन दिल्यास कर्मचारी त्यावरही फोटो काढून देतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत.