डाव्या पावलाचा ठोका

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज पहाटे सव्वापाचला समर्थ मंदिरापासून निघून यवतेश्वरच्या घाटात पाच किलोमीटर वर आणि तेवढेच खाली असे धावून आले. पाऊस नव्हता, पण धुके इतके दाट होते की वळणावरून एरवी दिसणारे साताऱ्याचे दिवे आणि अजिंक्यतारा दोन्ही गडप झाले होते. सप्टेंबरमधल्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव घातल्यापासून आठवड्यातून तीनदा हा घाट चढते आहे, आणि तीन आठवड्यांपूर्वी मुलाने मोबाइलमध्ये रॉक गाण्यांची यादी भरून दिल्यापासून ती कानात घेऊनच चढते आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या, भावगीतांवर वाढलेल्या, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या बाईने पहाटे गिटारींचा हा गदारोळ ऐकावा, याचे घरात सगळ्यांना हसू येते. माझेही सुरुवातीला तेच मत होते.

भावगीते मी आधी करून पाहिली होती. ती धावण्याच्या कामाची नाहीत, कारण गाणारा शब्दासाठी थांबतो, लय किंचित ओढतो, आणि त्या थांबण्यातच गाण्याचा सगळा जीव असतो. धावणाऱ्या पायाला मात्र थांबलेली लय म्हणजे अडखळणेच. रॉकचे तसे नाही. बहुतेक गाण्यांत चार ठोक्यांचे आवर्तन पहिल्यापासून शेवटपर्यंत फारसे हलत नाही, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ड्रमचा दणका बसतो, आणि त्या दणक्यावर पाय आपोआप पडतो. शाळेत हलगीवर लेझीम खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

यादीतले पहिलेच गाणे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे, १९७७ सालचे 'वुई विल रॉक यू'. त्यात शेवटी गिटार येईपर्यंत वाद्यच नाही. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची, आणि त्यावर गायचे. मिनिटाला त्याचे साधारण ८१ ठोके पडतात. चढावर माझी पावले मिनिटाला १६० ते १६२ पडतात, हे मी घड्याळ लावून मोजले आहे, म्हणजे प्रत्येक ठोक्याला नेमके डावे पाऊल येते आणि उजवे मधल्या रिकाम्या जागेत. हा हिशेब जुळला त्या दिवशी मला एखादे अवघड उदाहरण सुटल्यासारखा आनंद झाला होता. शिवाय हे गाणे गाणारा फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्याच जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला आणि त्याचा पहिला बँड, 'द हेक्टिक्स', त्याने तिथेच जमवला. त्यामुळे हा आवाज परक्या मुलखातून आला आहे असे या घाटात तरी मला वाटत नाही.

रोज धावून आल्यावर वहीत श्रमाचा आकडा लिहिते, म्हणजे धावणे आपल्याला किती जड वाटले याचा; जितके जड, तितका आकडा मोठा. ६ ते २० ही मोजपट्टी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेली. निरोगी तरुण माणसाच्या हृदयाचे ठोके साधारण ६० ते २०० या टप्प्यात असतात, त्यांना दहाने भागले की हे आकडे येतात. शहरातल्या सपाट रस्त्यावर त्याच वेगाने गाण्याशिवाय माझा आकडा १३ येतो आणि गाण्यासह बहुधा १२, कधी ११. घाटातल्या सर्वांत उभ्या वळणावर मात्र गाणे असो वा नसो, १७. क्रीडा आणि संगीत या विषयावर वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या कॉस्टास काराजॉर्जिस यांचे निष्कर्षही याच अंगाने जातात: हलक्या आणि मध्यम श्रमात संगीत थकव्याची जाणीव सुमारे दहा टक्क्यांनी कमी करते, पण श्रम एका मर्यादेपलीकडे गेले की फुप्फुसे आणि पोटऱ्या इतक्या मोठ्याने बोलू लागतात की कानाकडे लक्ष उरत नाही. गाण्याने पायात बळ येते असे लोक म्हणतात, ते मला पटत नाही. बळ असते तेवढेच असते. गाणे फक्त डोक्याला थोडा वेळ दुसरीकडे गुंतवून ठेवते.

शुक्रवार

आज फजिती झाली. दोन्ही कानांत गाणे लावून वळणावर जरा रस्त्याच्या मध्ये आले होते. मागून कासकडची वडाप जीप हॉर्न देत होती, ते मला ऐकूच आले नाही. ती शेजारी येऊन थांबली आणि ड्रायव्हरने मान बाहेर काढून, "काकू, कानातलं काढा की जरा! घाट हाय हा," असे सुनावले. मागच्या बाकावरच्या दोन बायका हसल्या. चूक सर्वस्वी माझी होती, त्यामुळे हात जोडण्यापलीकडे काही करता आले नाही.

रविवार, दुपार

शुक्रवारनंतर उजवा कान मोकळा ठेवते. आज चौदा किलोमीटर झाले आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' या गाण्याचे मिनिटाला सुमारे १५६ ठोके आहेत आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकले तर सपाट रस्त्यावर ते झकास जमते, पण उतारावर त्याच ठोक्याला धरून राहिले की पावले लांब पडू लागतात, वेग हातात राहत नाही आणि सगळा भार मांड्यांवर व गुडघ्यांवर येतो. मागच्या रविवारी डावा गुडघा दुखला तो बहुधा यामुळेच. मी मात्र आठवडाभर बुटांना दोष देत होते. सुरुवातीच्या पहिल्या किलोमीटरलाही हीच गत होते: अंग तापलेले नसते, गाणे मात्र तापलेले असते, आणि त्या उत्साहात जे खर्च होते त्याची वसुली सातव्या किलोमीटरला चढावर होते.

तेव्हा आता ठरवले आहे की पहिला किलोमीटर गाण्याशिवाय, मग चढ सौम्य असेल तोवर गाणे, उभे वळण आले की बंद, आणि माथ्यावरून परतताना इअरफोन कमरेच्या पिशवीत. आज उतरताना तसेच केले. शेवटच्या टप्प्यात पाऊस आला, भिजलेल्या डांबरावर माझ्याच बुटांचा चपचप आवाज येत होता, आणि सवयीने मी तो मोजत राहिले. १६४ भरले.

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते गॅलरीत उलटे ठेवले आहेत. या हवेत मंगळवारपर्यंत वाळतील असे वाटत नाही.