चिप घेण्याआधी होज पाईप बघा

कापूस जिनिंगला न्यायचे दिवस आले की पिकअपवाल्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं: लोड टाकला की गाडीत दमच राहत नाही. मग मोबाईलवर इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या 'पॉवर चिप'ची जाहिरात दिसते अन् हात खिशाकडे जातो. थांबा राजेहो.

गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, आहे का, ते आधी पाहा. जुनी डीआय बोलेरो किंवा यांत्रिक पंपाचा ट्रॅक्टर असेल तर विषयच संपला, चिप लावायची कुठे? तिथं मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतो. ताकदीपेक्षा काळा धूरच जास्त वाढतो.

ओबीडी सॉकेटला (गाडीतला दोष तपासायचं यंत्र जोडतात ती जागा) लावायच्या स्वस्तातल्या डब्या येतात, त्यांत बहुतेकदा दिवे लुकलुकण्यापलीकडे काही नसतं. त्यांचं नाव काढू नका.

खरा ट्यूनिंग बॉक्स कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना जास्त दाबाचं डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो. तो ईसीयूला प्रेशर कमी दाखवतो, ईसीयू ते वाढवतो, आणि प्रत्येक फवाऱ्याला डिझेल जास्त जातं. ईसीयूला मात्र सगळं ठीकच दिसतं, त्यामुळे प्रेशर हद्दीबाहेर गेलं तरी तो वेळेवर आवरत नाही. रिमॅपमध्ये ईसीयूच्या आतलेच डिझेल, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि टॉर्कचे (ओढण्याच्या जोराचे) आकडे बदलतात. माणूस जाणता असेल तर हा मार्ग बरा. टर्बो डिझेलला यातून 20 ते 25 टक्के ताकद मिळू शकते. बिनटर्बो पेट्रोलला 5 ते 10 टक्के, म्हणजे पैसे पाण्यात.

ताकद नुसत्या आकड्यांनी येत नाही. मारुतीचं 1248 सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये 75 पीएसचं होतं, एर्टिगात 90 पीएसचं. 90 साठी कंपनीने टर्बोच वेगळा दिला, व्हीजीटी, म्हणजे आतली पाती गरजेप्रमाणे वळणारा.

आता गाडीची मूळ ताकद कुठे गेली ते शोधू. बॉनेट उघडा आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतच्या) रबरी होजवर हात फिरवा, खालच्या बाजूनेसुद्धा. बोटाला ओलं काळं तेल लागलं तर बहुधा तिथूनच हवा सुटते. चढावर लोडमध्ये सूं आवाज आणि काळा धूर, हे त्याचंच लक्षण. कधी नुसती क्लिप आवळून काम भागतं, होज चिरला असेल तर बदला. मग इंटरकूलर आणि रेडिएटरची जाळी पाहा. हंगामात कापसाचे तंतू आणि धूळ मिळून तिथं नमदा बसतो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साधं पाणी मारा; वॉशिंगचा जोराचा फवारा मारला तर पत्रे वाकतात. एअर फिल्टरही याच हिशोबात.

तरी फरक नसेल तर नोझलची रिटर्न चाचणी. नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या चारही रिटर्न नळ्यांना सारख्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली, तर ते नोझल झिजलं. ड्रममधलं पाणी-कचऱ्याचं डिझेल भरणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास सापडतं, आणि अशा नोझलवर वाढीव प्रेशर टाकणं म्हणजे दुखऱ्या पाठीवर पोतं.

क्लचही तपासा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी 50 च्या आसपास एक्सलेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथंच राहिला तर प्लेट घसरते आहे. ट्यूनिंगनंतर सगळ्यात आधी हीच बोलते.

एवढं सगळं ठीक निघालं, तरी लोडच्या गाडीला चिप लावू नये असं माझं मत. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 पार जातो, तापलेली हवा विरळ असते, डिझेल मात्र वाढलेलं. भरल्या गाडीने परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना एक्झॉस्टची उष्णता पिस्टन आणि टर्बोला भोवते. बीएस 6 गाडीत वाढलेली काजळी डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचून तो लवकर तुंबतो. वॉरंटीवर पाणी पडतं, विम्याचा दावा अडकू शकतो, आणि कायद्यात न बसणाऱ्या फेरबदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

तरीही रिमॅप करणारच असाल तर मूळ फाईल आधी पेन ड्राईव्हवर मागून घ्या. पुढे सर्व्हिसला ईसीयू अपडेट झाला तर केलेला रिमॅप पुसला जाऊ शकतो, तेव्हा पुन्हा पैसे लागणार का, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.