महार रेजिमेंटचा बिल्ला: दोन व्हिकर्स, एक खंजीर आणि काढून घेतलेला स्तंभ

महार रेजिमेंटच्या टोपीवरचा बिल्ला लांबून पाहिला की दोन तोफा फुलीसारख्या ठेवल्यासारख्या वाटतात. त्या तोफा नाहीत, व्हिकर्स मशिनगन आहेत. पटण्यासाठी नळीची जाडी बघा. एवढी जाड दिसते ती खरी नळी नव्हेच, तिच्याभोवतीचं पाण्याचं आवरण आहे. खरी नळी आत असते, साध्या .३०३ रायफलच्या गोळीची.

त्या आवरणात साधारण चार लिटर पाणी मावतं. सलग मारा सुरू ठेवला की काही मिनिटांतच ते उकळू लागतं. वाफ रबरी नळीतून डब्यात सोडायची, तिथं तिचं पाणी झालं की तेच परत गनमध्ये ओतायचं. नळीचा जोड सैल राहिला तर पाणी वाया जातंच, शिवाय वाफेचा पांढरा लोट शत्रूला गनची जागा दाखवून देतो. दुसरं दुखणं पट्ट्याचं. २५० गोळ्यांचा पट्टा कापडी. भिजला की फुगतो आणि काडतूस अडकतं. बिनपाण्याची गन सुमारे १५ किलो आणि तिपाई सुमारे २२ किलो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी वाहायच्या. तिपाईला पक्की बसली की मात्र ही गन तासन्‌तास एका रेषेवर मारा करते. हलक्या मशिनगनला हे जमत नाही, म्हणून बिल्ल्यातल्या तिपाईला निव्वळ सजावट समजू नये.

पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. त्याआधी पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारली होती आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली होती. त्यामुळे १९४१ ची उभारणी म्हणजे महारांचा हिसकावून घेतलेला फौजेतला हक्क परत मिळणं होतं, आणि त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह होता. १९४६ मध्ये तिची मशिनगन रेजिमेंट झाली. व्हिकर्स बिल्ल्यात का, याचं उत्तर इथं आहे.

जुन्या बिल्ल्यात मात्र मधोमध कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेची एक बटालियन, थोडे घोडेस्वार आणि दोन सहा-पौंडी तोफा पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या सैन्यापुढे दिवसभर टिकून राहिल्या. स्तंभावर पडलेल्यांची नावं कोरली आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. महार सैनिकांची नावं तेव्हा अशीच लिहीत, त्यामुळे दगडावरून ती आजही वेगळी वाचता येतात. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले होते. माझ्या मते बिल्ल्याचा सगळ्यात वजनदार भाग तोच होता.

स्वातंत्र्यानंतर स्तंभ काढला आणि त्याच्या जागी खंजीर आला. स्तंभ कंपनीने उभारलेला, तिच्या विजयाची खूण. स्वतंत्र देशाच्या फौजेच्या टोपीवर तो राहणं अवघडच होतं. चिन्ह म्हणून खंजीर चांगला बसतो: गन दूरच्या माऱ्याची, खंजीर हातघाईचा. पण खंजीर अनेक पलटणींच्या चिन्हांत सापडेल. ‘नाक’वाली नावं दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

पुढे रेजिमेंट पायदळाची झाली आणि व्हिकर्सही सेवेतून गेली, तरी बिल्ल्यात ती राहिली. ब्रीद ‘यश सिद्धी’, केंद्र मध्य प्रदेशात सागरला.

फलक, भिंतीवरचं चित्र किंवा केक करून घेताना दोन चुका हमखास होतात. चित्रकार नळी बारीक काढतो आणि मशिनगनची रायफल होते. किंवा तिपाई गाळतो, मग नुसती फुली उरते. नमुना देताना जाड आवरण, मागचे दोन दांडे, तिपाईचे पाय आणि मधला खंजीर, एवढं वेगळं दाखवून द्यावं.

घरात आजोबांचा जुना बिल्ला असेल तर आधी मधोमध बघा. स्तंभ असेल तर तो जुन्या काळातला. अशा बिल्ल्याला पितळेचं पॉलिश लावू नका. रेघा आधीच झिजलेल्या असतात आणि घासताना सगळ्यात आधी बुजतात त्या स्तंभाच्या कडा आणि खालची अक्षरं. कोरड्या सुती फडक्याने पुसून, हवा कोरडी राहील अशा डबीत ठेवला की पुरे.