ओढा नसलेले रान

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. त्यांपैकी चार आठवडे मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, केवळ दिवाणी दावे चालवणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांकडे काढले.

पहिला आठवडा शब्द शिकण्यातच गेला. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ आम्ही इंग्रजीतून पाठ केलेली होती. पण दाव्याला दिलेल्या उत्तराला येथे कैफियत म्हणतात, लेखी निवेदन देऊन एखादी बाब न्यायालयाला कळवायची असेल तर पुरशिस देतात आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज म्हणजे ‘निशाणी पाच’, हे महाविद्यालयात कोणी सांगितले नव्हते. कैफियत ३० दिवसांत आणि फार तर ९० दिवसांत द्यावी, असे संहितेच्या आदेश ८ मध्ये लिहिलेले आहे. ही मुदत सक्तीची नव्हे, तर निर्देशात्मक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सालेम बार असोसिएशनच्या प्रकरणात म्हटले, हेही परीक्षेपुरते ठाऊक होते. त्या एका शब्दाच्या आधाराने तारखा किती लांबतात, ते मात्र रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी, वाचताना दिसले.

दुसऱ्या आठवड्यात एक वयस्कर शेतकरी आले. शेजारी बांध कोरून आत सरकतो आहे, अशी त्यांची तक्रार होती. सरांनी आधी वाट अडवली आहे का, ते विचारून घेतले, कारण वहिवाटीचा रस्ता अडवल्याची तक्रार असती, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाता आले असते. तसे काही नव्हते. त्यामुळे कायम मनाईचा दावा करायचे ठरले आणि मिळकतीचे वर्णन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

स्थावर मिळकत ओळखता येईल असे वर्णन दाव्यात असावे, असे आदेश ७ नियम ३ सांगतो. सातबारावर गट नंबर आणि क्षेत्र असते, चतुःसीमा नसतात. म्हणून त्या मी पक्षकारांनी आणलेल्या जुन्या खरेदीखतावरून उतरवून घेतल्या. खरेदीखतात सर्व्हे नंबर होता आणि सातबारावर गट नंबर. नंबर बदलला असेल, जमीन तीच असणार, असे मी गृहीत धरले. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस ओढा. मसुदा नेटका दिसत होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

पक्षकाराची सही घेण्यापूर्वी संपूर्ण दावा त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, असा सरांचा शिरस्ता आहे. सत्यापनावर, म्हणजे दाव्यातला मजकूर खरा असल्याच्या कथनावर, सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत हे कळले पाहिजे, याबाबत ते फार कडक आहेत. मी वाचत होतो. दक्षिणेस ओढा, या शब्दांशी आलो आणि आजोबांनी हात वर केला.

“वकीलसाहेब, आमच्या रानाला ओढा न्हाई.”

मी खरेदीखत दाखवले. ते त्यांनी दूर धरून पाहिले. “हे थोरल्या आबांच्या नावचं. गट पाडलं तवा ते रान गेलं आन् हे आलं.”

१९४७ च्या कायद्याखालील एकत्रीकरण योजनेत विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले गेले आणि तसे करताना कित्येकांच्या जमिनी अदलाबदलीने फिरल्या, हे मी वाचलेले होते. पण हातातल्या कागदाशी त्याची सांगड घालण्याचे मला सुचले नाही. माझ्या मसुद्यातले क्षेत्र एका जमिनीचे होते आणि चतुःसीमा दुसऱ्याच, कदाचित आता तिसऱ्याच कोणाच्या ताब्यात असलेल्या जमिनीच्या.

सर रागावले नाहीत, उलट त्यांनी चहा मागवला. मग शांतपणे विचारले, “समज, हा दावा डिक्री झाला. दरखास्तीत बेलिफ कुठल्या बांधावर जाऊन उभा राहील?” दरखास्त म्हणजे डिक्रीच्या, अर्थात निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज. त्याबाबतच्या आदेश २१ मध्ये १०६ नियम आहेत आणि आमच्या वर्गात तो सत्राच्या शेवटच्या दोन तासांत उरकला होता. दरखास्त हा शब्द मी त्या दिवशी खऱ्या अर्थाने ऐकला. वर्णन चुकले तर प्रतिवादीचा वकील उलटतपासात पहिला प्रश्न ओढ्याचाच विचारील, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उत्तर मी नव्हे, तर हे आजोबा देणार होते.

पुढचे तीन दिवस एकत्रीकरण योजनेचा उतारा, गटाचा नकाशा आणि लगतच्या गटांचे सातबारा जमवण्यात गेले. चतुःसीमा आजोबांनी तोंडी सांगायच्या, मी त्या नकाशावर ताडून पाहायच्या, असे आम्ही बसून केले. पूर्वेकडचा शेजारी सांगताना ते प्रत्येक वेळी खुर्चीत वळून उगवतीकडे तोंड करीत. अतिक्रमण नेमके किती, हे मोजणीशिवाय ठरत नसल्यामुळे भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्जही त्याच आठवड्यात दिला.

दावा दाखल झाला. एकतर्फी मनाई मिळाली नाही. न्यायालयाने प्रतिवादीला नोटीस काढली. नेमलेल्या तारखेला त्याच्या वकिलांनी वकीलपत्र देऊन म्हणणे मांडण्यासाठी मुदत मागितली आणि ती मंजूर झाली. पुढची तारीख माझे चार आठवडे संपल्यानंतरची होती. आता मी मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये तो दावा शोधून पाहतो. निशाणी पाचवरचा आदेश अद्याप झालेला नाही.